फोटोच्या मागे काय लिहावे?

(संस्थेच्या वर्धापनदिनी सभासद व विद्यार्थी यांच्यासमोर दिलेले व्याख्यान)



कार्यक्रमपत्रिकेत आमच्या नावापुढे 'छायाचित्रकला आणि आपला समाज' असा भारदस्त विषय छापलेला आहे. तो वाचून आम्हीच थोडे दचकलो. आम्ही कलावंत नाही, समीक्षकही नाही. सगळी नोकरी कचेरीत फायली हलवण्यात गेली. कॅमेरा हाती धरला तो मुलांच्या वाढदिवसापुरता, आणि त्यातही निम्म्या फोटोंत माणसांची डोकी कापली गेली आहेत. तेव्हा कलेवर मोठे भाष्य आमच्याकडून होणार नाही. आपल्या पुण्यात जन्मलेल्या एका कलावंत मुलीने घरच्या अल्बममधून काय बाहेर काढले, ते आम्ही सांगणार आहोत; आणि तिचे काम समजल्यावर आम्ही आमचाच अल्बम उघडून बसलो तेव्हा काय दिसले, तेही सांगणार आहोत. हे दुसरे सांगणे आम्हास जड जाणार आहे. म्हणून ते शेवटी ठेवले आहे.

पण त्याही आधी परमपूज्य बाबासाहेबांच्या लहानपणीचा एक प्रसंग आठवावा लागेल. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे त्यांचे छोटेसे आत्मकथन आपल्यापैकी अनेकांनी वाचले असेल. ज्या विद्यार्थ्यांनी वाचले नसेल त्यांनी अवश्य वाचावे. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते १९९० साली पुस्तिकारूपाने काढले आणि शासनाच्या ग्रंथमालेच्या बाराव्या खंडातही ते आहे. प्रसंग १९०१ सालचा. वडील खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर रोखपाल होते. सुटीत त्यांच्याकडे जायचे म्हणून लहानगे भीमराव, थोरले बंधू आणि बहिणीची मुले सातारहून आगगाडीने निघाली. जाण्यासाठी नवे कपडे शिवले होते. इंग्रजी धर्तीचे सदरे, चमकत्या टोप्या, नवे जोडे, रेशमी काठाची धोतरे. मसूरच्या स्टेशनात उतरली, पण न्यायला कोणी आले नव्हते. स्टेशनमास्तर जवळ आला, मुलांचा पोशाख पाहून ही ब्राह्मणांची मुले असावीत असे त्याला वाटले, म्हणून कळवळून चौकशी करू लागला. मुलांनी सरळपणे सांगितले, आम्ही महार. त्याचा चेहरा पालटला आणि तो मागे सरला. पुढची बैलगाडी, दुप्पट भाडे, पाण्यावाचून रात्रभर तसाच राहिलेला डबा, हे सारे आपणास ठाऊक आहे.

आम्हास या प्रसंगात एक वेगळीच गोष्ट दिसते. समजा, त्या क्षणी मसूरच्या फलाटावर कोणी कॅमेरा घेऊन उभा असता आणि त्याने त्या मुलांचा फोटो काढला असता, तर फोटोत काय आले असते? नवे कपडे घातलेली, नीटनेटकी, जरा घाबरलेली मुले. बस्स. जात फोटोत आली नसती, कारण ती चेहऱ्यात नव्हती आणि कपड्यातही नव्हती. ती एका शब्दात होती, आणि तो शब्द फोटोच्या बाहेर होता. फोटोच्या खाली किंवा मागे कोणी तरी तो लिहावा लागतो. प्रश्न एवढाच की, तो कोण लिहिणार?

इंग्रजांच्या राजवटीत तो साहेब लिहीत असे. १८६८ ते १८७५ या काळात 'द पीपल ऑफ इंडिया' नावाचे आठ खंड निघाले. हिंदुस्थानातल्या जातीजमातींचे फोटो आणि खाली माहिती, असा तो प्रकार. फुलपाखरे टाचणीने टोचून ठेवावीत आणि खाली नाव लिहावे, तद्वत माणसे उभी केलेली. फोटोतल्या माणसाला आईबापांनी काय नाव ठेवले होते, त्याला किती लेकरे होती, याची पंचाईत फारशी कोणी केलेली नाही. जातीचे नाव लिहिले की माणूस लिहून झाला.

साहेब गेला, पण ही सवय गेली असे म्हणवत नाही. वर्तमानपत्रात आपल्या माणसाचा फोटो केव्हा येतो हे आपण पाहा. वस्ती जळाली तर येतो. कोणाचा मुडदा पडला तर येतो. गटारात उतरला तर येतो. नाही तर ६ डिसेंबरला दादरला जमलेल्या गर्दीचा येतो, त्यात एकाचाही चेहरा ओळखू येत नाही. हे फोटो चुकीचे आहेत असे आमचे म्हणणे नाही. अन्यायाचा पुरावा लागतो, आणि तो गोळा करणारे आपलेही लोक आहेत. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांची जी छायाचित्रे काढली, ती पाहताना नाकाला वास यावा इतकी खरी आहेत. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली याचा आम्हास अभिमान आहे. तथापि फक्त तेच फोटो उरले तर पुढच्या पिढीला वाटेल की आपले लोक जन्मभर नुसते रडत होते. आमची आई तर रडण्यापेक्षा हसतच जास्त असे, आणि हसताना तोंडावर पदर धरीत असे.

आता त्या मुलीकडे वळतो. राज्यश्री गुडी तिचे नाव. जन्म पुण्याचा, १९९० सालचा. फर्ग्युसन महाविद्यालयात समाजशास्त्र शिकली, पुढे इंग्लंडात मँचेस्टर विद्यापीठात दृश्य मानवशास्त्र या विषयात एम. ए. केले. म्हणजे फोटो आणि चित्रपट यांच्या साहाय्याने समाजाचा अभ्यास करण्याचे शास्त्र. गंमत पाहा, 'द पीपल ऑफ इंडिया'सारखे खंड ज्या विद्येच्या नावाने निघाले, त्याच विद्येच्या घरात जाऊन आपली एक मुलगी शिकून आली. तिची आई दलित समाजातली, आंबेडकरी विचारांची, वडील इंग्रज. नुसते 'गुडी' हे आडनाव ऐकले तर पुण्यातला चौकस गृहस्थ बुचकळ्यात पडेल. जात विचारायची सोय नाही! तिला वाटले असते तर ती या आडनावाच्या आड आयुष्यभर सुखाने राहिली असती. कोणी तिला मसूरच्या स्टेशनमास्तरासारखे विचारले नसते. तिने मात्र आपण होऊन सांगितले, आणि ते सांगण्यासाठी घरचे फोटो काढून भिंतीवर लावले.

त्या कामाचे नाव 'ईट विथ ग्रेट डिलाइट'. मराठीत सांगायचे तर, मोठ्या आनंदाने जेवा. २०१८ च्या सुमारास ते लोकांपुढे आले. त्यात तिने स्टुडिओ उभारून, दिवे लावून नवे फोटो काढलेले नाहीत. आपल्याच कुटुंबाच्या अल्बममधले जुने फोटो निवडले, आणि निवडताना एकच धागा धरला, तो खाण्याचा. समारंभ, पंगत, वाढदिवस, माणसे एकत्र बसून खातात-पितात ते आनंदाचे प्रसंग. आपल्या कोणाच्याही घरी मिळतील असेच हे फोटो.

प्रथम ऐकले तेव्हा आमच्याही मनात आले की, यात कला ती काय? असले फोटो तर आमच्या कपाटात ढिगाने आहेत. आमच्या एका स्नेह्याने तर, आपल्याच मंडळींपैकी आहेत, जरा रागानेच विचारले, "अहो, आमच्या आजोबांनी मेलेल्या ढोराचे मांस वाळवून खाल्ले आणि ही केकचे फोटो दाखवते? मग जगाला वाटेल, यांचे बरे चालले आहे." प्रश्न रास्त आहे. आम्ही त्यावर बरेच दिवस विचार केला.

आमचे उत्तर असे आहे. पहिले म्हणजे, तिने भूक लपवलेली नाही. या फोटोंच्या जोडीला तिने छोट्या छोट्या पाककृतींच्या पुस्तिका केल्या आहेत. त्यांतला मजकूर तिने दलित लेखकांच्या आत्मकथनांतून घेतला आहे. आपण 'बलुतं' वाचलेत, बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' वाचलेत, लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या', ऊर्मिला पवारांचे 'आयदान' आणि हिंदीतले ओमप्रकाश वाल्मीकींचे 'जूठन' वाचलेत. या पुस्तकांत पानोपानी अन्न आहे, म्हणजे अन्नाची वाट पाहणे आहे. राज्यश्रीने असे उतारे घेऊन त्यांना पाककृतीचे रूप दिले. पाककृतीत वाचणाऱ्यालाच सांगितलेले असते की, तुम्ही हे घ्या, ते करा. त्यामुळे होते असे की, आपल्या स्वयंपाकघरात आरामात बसून वाचणाऱ्या बाईला किंवा बुवाला एकदम हुकूम सुटतो आणि त्या भुकेच्या रस्त्यावर स्वतः चालावे लागते. दुरून हळहळायची सोय राहत नाही. आम्हास ही युक्ती फार आवडली. रुचिरासारखी पुस्तके मराठीत घरोघरी आहेत, पण आमच्या आयांनी जे रांधले ते त्यांत कोठे होते? शाहू पाटोळे यांनी २०१५ साली 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहिले तेव्हा कोठे ती जागा थोडी भरली.

दुसरे असे की, भुकेची गोष्ट आणि केकचा फोटो शेजारी ठेवल्याशिवाय दोहोंचा अर्थ लागत नाही. ज्या घरात तीन पिढ्यांपूर्वी शिळे तुकडे मागून आणावे लागत, त्या घरातली माणसे भरल्या ताटाभोवती बसली आहेत आणि कॅमेऱ्याकडे पाहत आहेत. हा फोटो श्रीमंतीचा नव्हे. मधल्या काळात किती जणांनी किती सोसले, कोण शिकले, कोणी गाव सोडले, १९५६ साली नागपूरला कोण गेले, हे सगळे त्या ताटामागे उभे आहे. इतरांच्या अल्बममध्ये वाढदिवसाचा फोटो हा नुसता वाढदिवसाचा फोटो असतो. आपल्याकडे तो दस्तऐवज आहे.

तिचे इतर कामही याच वाटेने जाते. महाडला १९२७ च्या मार्चमध्ये बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले आणि नंतर सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दही, तूप यांच्या १०८ घागरी ओतून तळे 'शुद्ध' केले. राज्यश्रीने २०१७ साली १०८ पेल्यांत ते पंचगव्य घालून मांडले आणि कामाला नाव दिले, 'पाण्याची जात कोणती?' मनुस्मृतीच्या प्रतींचा लगदा करूनही तिने वस्तू घडवल्या आहेत. पुढे ॲमस्टरडॅमच्या राइक्सअकादमीत तिला काम करण्याची संधी मिळाली. परंतु आमचे मन घरच्या फोटोंवरच अडले, कारण तळे महाडला आहे, पण अल्बम प्रत्येकाच्या कपाटात आहे.

असे करणारी ती जगात एकटी नाही. अमेरिकेत १९६५ साली मॉयनिहन नावाच्या अधिकाऱ्याचा अहवाल निघाला. काळ्या लोकांची कुटुंबे मोडकळीला आली आहेत, आणि त्यांच्या दुरवस्थेचे एक मोठे कारण हेच, असा त्याचा सूर होता. म्हणजे गुलामीत विकली, नवरा एकीकडे आणि बायको दुसरीकडे, आणि वर दोष त्यांच्याच घराला. त्याला कॅरी मे वीम्स या काळ्या छायाचित्रकार स्त्रीने आकडेवारीने उत्तर दिले नाही. १९७८ ते १९८४ या काळात तिने स्वतःच्या घरच्या माणसांचे फोटो काढले, आई, बाप, बहिणी, त्यांची भांडणे, त्यांची हसणी, आणि त्यासोबत त्यांच्या कहाण्या स्वतःच्या शब्दांत लिहिल्या. म्हणाल ते कुटुंब, ते हे बघा. १९७२ साली मुंबईत दलित पँथरने ब्लॅक पँथरचे नाव घेतले होते, हे तरुणांना सांगायला नको. तामिळनाडूतही मदुराईकडच्या वाडिपट्टी गावचा जयसिंग नागेश्वरन हा छायाचित्रकार आहे. त्याची आजी पोन्नुथाई हिने आपल्या मुलांसाठी शाळा काढली होती. हा पठ्ठा जगाचे फोटो काढत फिरत होता. २०२० च्या टाळेबंदीत घरी अडकला, आणि तेव्हा त्याने आपल्याच घरच्यांकडे कॅमेरा वळवला.

आणि आपल्या घरातला सर्वांत प्रसिद्ध कौटुंबिक फोटो कोणता? १९३४ सालचा, राजगृहातला. यशवंत, बाबासाहेब, माता रमाई, वहिनी लक्ष्मीबाई, पुतण्या मुकुंद, आणि पुढे कुत्रा टोबी. आपण त्याला हार घालतो, त्यापुढे मेणबत्ती लावतो, यास्तव तो घरगुती फोटो आहे हे विसरूनच जातो. एकदा त्याकडे नुसते घरचा फोटो म्हणून पाहा. पुढल्याच वर्षी, मे १९३५ मध्ये रमाई गेल्या. पुढे राज्यघटनेचे शिल्पकार झालेल्या माणसाचेही एक घर होते, घरात एक कुत्रा होता, आणि एक दिवस सगळे नीट कपडे करून कॅमेऱ्यापुढे उभे राहिले होते.

आता आमच्या घराकडे येतो.

आमचे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कामाला. आम्ही नदीकाठच्या वस्तीत राहायचो. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, पाठोपाठ खडकवासला गेले, आणि नदीकाठचे अर्धे पुणे पाण्याखाली गेले. माणसे वाचली, पण फोटोंची पत्र्याची पेटी गेली. आजीचा एकमेव फोटो होता, तोही त्यात. आजी कशी दिसत होती हे आम्ही आज सांगू शकत नाही, आणि आमच्याशिवाय ती आठवणारे आता कोणी उरले नाही. पुरात घरे गेली त्यांची यादी झाली, भांडीकुंडी मोजली गेली. फोटो कोणी मोजले नाहीत. वडिलांचा एक फोटो तेवढा वाचला, कारण त्याची प्रत मुंबईला आत्याकडे होती.

त्या फोटोत वडील कोट घालून खुर्चीत बसले आहेत. मागे पडद्यावर रंगवलेला जिना आणि कुंड्या. मनगटावर घड्याळ. आम्ही लहानपणी शाळेत सांगत असू की आमच्या वडिलांकडे कोट आहे. मोठेपणी कळले, कोट स्टुडिओचा होता. त्या काळी स्टुडिओवाले गिऱ्हाइकासाठी कोट, टाय, घड्याळ ठेवीत असत. हे कळल्यावर आम्हास काही वर्षे त्या फोटोची लाज वाटत असे. उसना कोट म्हणजे खोटा फोटो, असे वाटे. आता तसे वाटत नाही. बाबासाहेबांचा पोशाख सर्वांच्या डोळ्यांपुढे होता. कारखान्यात दिवसभर तेलात माखणाऱ्या माणसाला आपण कोटात कसे दिसू ते पाहावेसे वाटले, त्यासाठी त्याने पैसे मोजले, आणि ते पाहून आपल्या लेकराला शाळेत घातले. कोट उसना होता, बसण्याची ऐट स्वतःची होती.

हा झाला वडिलांचा फोटो. यापुढचा फोटो आमचा आहे, आणि हेच सांगणे जड आहे असे सुरुवातीला म्हटले होते.

१९८४ साली आम्ही शहरातल्या एका पेठेत भाड्याने खोली घेतली. कोणाची, ते सांगण्यात अर्थ नाही. आमचे आडनाव असे आहे की त्यावरून पटकन काही कळत नाही. घरमालकांनी "आपण मूळचे कुठले?" असे विचारले. आम्ही गावाचे नाव सांगितले आणि पुढे बोललो नाही. पहिल्याच दिवशी आम्ही समोरच्या भिंतीवर खिळा ठोकला आणि बाबासाहेबांची तसबीर लावली. संध्याकाळी मालकांच्या आई खोली कशी लावली ते पाहायला येणार असा निरोप आला. आम्ही तसबीर उतरवली, चादरीत गुंडाळली आणि ट्रंकेत ठेवली. आमच्या पत्नी म्हणाल्या, "त्या माणसानं कुणापुढं मान खाली घातली नाही, आणि तुम्ही त्यांना ट्रंकेत घालता?" आम्ही म्हणालो, चार दिवसांचा प्रश्न आहे. ते चार दिवस अडीच वर्षे चालले.

अखेरीस झाले ते असे. एका सकाळी आमचे एक मित्र आले आणि दारातूनच खणखणीत आवाजात "जयभीम" म्हणाले. महिन्याभराने मालकांनी सांगितले की, मुलाला खोली लागणार आहे. त्यांनी एक शब्दही वावगा काढला नाही. चहासुद्धा दिला.

त्या अडीच वर्षांतले फोटो आमच्या अल्बममध्ये आहेत. मुलाचा दुसरा वाढदिवस, १९८५. मुलगा टोपी घालून बसला आहे, पुढे केक, भोवती शेजारची पोरे, पत्नी सुरी धरून आहेत. राज्यश्रीच्या अल्बममध्ये शोभावा असाच फोटो. आणि सगळ्यांच्या डोक्यावर, बरोबर मध्यभागी, भिंतीत एक रिकामा खिळा. तिथे कॅलेंडरदेखील नाही. आमच्या पत्नींनी त्या खिळ्याला अडीच वर्षांत दुसरे काहीही लावू दिले नाही, हे आम्हास फोटो पाहताना आता कोठे उमगले. तेव्हा आम्हास वाटले होते, विसरल्या असतील.

गेल्या वर्षी आमच्या मुलीने तो फोटो पाहून विचारले, "बाबा, हा खिळा रिकामा का?" आम्ही काही तरी थातूरमातूर सांगितले. रात्री झोप आली नाही. जी मुलगी गुडी आडनावाच्या आड राहू शकली असती ती बाहेर आली, आणि आम्ही चळवळीत घोषणा देणारे, अडीच वर्षे ट्रंकेवर बसून राहिलो. आमच्यासारखे या सभागृहात आणखी असतील. कोणी आडनाव बदलले असेल, कोणी तसबीर आतल्या खोलीत लावली असेल, कोणी मुलांना "शाळेत विचारलं तर सांगू नको" म्हटले असेल. आम्ही कोणाला नावे ठेवत नाही. भाड्याची खोली मिळणे म्हणजे काय असते ते आम्हास माहीत आहे. पण फोटोने सगळे टिपून ठेवले आहे, आपण लपवले तेसुद्धा. आपण हयात आहोत तोवर त्याच्या मागे खरे लिहिता येईल. नंतर तो नुसता एका वाढदिवसाचा आणि एका खिळ्याचा फोटो राहील.

आता थोडे व्यवहाराचे. घरोघरी अल्बम आहेत, पण त्यांचे हाल पाहवत नाहीत. ऐंशी-नव्वदच्या दशकात चिकट पानांचे, वर प्लास्टिकचा कागद असलेले जाडजूड अल्बम निघाले होते. लग्नात ते हमखास भेट यायचे. त्यांतला गोंद पिवळा पडतो आणि फोटो खातो. त्यातून फोटो सावकाश सोडवावेत. सुटत नसेल तर ओढू नये, आहे तसाच मोबाईलने त्याचा फोटो घ्यावा. खिडकीजवळ, सावलीच्या उजेडात, फ्लॅश न लावता. जुन्या कृष्णधवल फोटोंच्या मागे मऊ पेन्सिलीने लिहावे, बॉलपेनने लिहू नये, अक्षरे पुढून उमटतात. अलीकडच्या गुळगुळीत कागदावर पेन्सिल उठत नाही, तेथे चिठ्ठी लिहून फोटोसोबत पाकिटात ठेवावी. लॅमिनेशन करू नये. निगेटिव्हच्या पट्ट्या टाकून देऊ नयेत, त्यांतून आजही प्रती निघतात. आणि ट्रंक पावसाळ्यात जमिनीवर ठेवू नये, हे पुणेकरांना सांगायला नको.

लिहायचे काय? नावे, साल, गाव, कोणता प्रसंग, आणि फोटो कोणी काढला. माणसाला घरात काय म्हणत ते लिहावे. 'काकू' एवढेच लिहिले तर पन्नास वर्षांनी ती कोणाची काकू हे कळणार नाही. घरातल्या म्हाताऱ्या बायांना आधी विचारावे, कारण पुरुषांना सभा आठवतात आणि बायांना कोण आले होते, कोण उपाशी गेले, ते आठवते. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हा ग्रंथ काढला तो अशाच घराघरांत जाऊन, बायांना बोलते करून. कल्याणचे विजय सुरवाडे यांनी बाबासाहेबांची छायाचित्रे आणि पत्रे वर्षानुवर्षे चिकाटीने जमवली. ती जमली म्हणून आज आपल्याला दिसतात. पण बाबासाहेबांच्या सभेत सतरंजी घालणाऱ्याचा फोटो जमवायला कोणी संग्राहक येणार नाही. तो त्याच्या नातवाच्याच कपाटात आहे.

आम्ही आमच्या त्या फोटोसाठी चिठ्ठी लिहिली आहे, तीच वाचून दाखवतो. "१९८५. मुलाचा दुसरा वाढदिवस. भाड्याची खोली, पुणे. केक घरी केला होता. फोटो आम्ही काढला. भिंतीवरच्या खिळ्याला बाबासाहेबांची तसबीर होती, ती या वेळी ट्रंकेत आहे. ट्रंकेत आम्ही ठेवली. खिळ्याला दुसरे काही लावायचे नाही, हे मुलाच्या आईने ठरवले होते." चिठ्ठी पत्नींना दाखवली. त्यांनी चष्मा लावून वाचली आणि म्हणाल्या, "केक घरी नव्हता केला. बेकरीतून आणला होता. दुरुस्त करा." केली.

विद्यार्थी मंडळाच्या मुलांनी पुढच्या रविवारी सकाळी दहापासून याच सभागृहात बसायचे ठरवले आहे. ज्यांना आपले अल्बम दाखवायचे असतील त्यांनी घेऊन यावेत. मुले फोटोंच्या नकला घेतील आणि आपण सांगाल तसे लिहून घेतील. मूळ फोटो कोणीही संस्थेकडे ठेवून जाऊ नये. ज्याचा त्याने त्याच दिवशी घरी न्यावा. म्हाताऱ्या माणसांना जिना चढवत नसेल तर मुले खाली येऊन बसतील, तसे आधी कळवावे. चहा संस्थेचा आहे.

जयभीम.